न झालेल्या हंगामाची बखर

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाचा सर्वांत चांगला उपयोग कोणता, असे मला शाळकरी वयात कोणी विचारले असते, तर मी बेधडक सांगितले असते – क्रिकेट खेळणे! मागच्या बाकावर बसावे, पुस्तक मांडीवर घ्यावे, डोळे मिटून ते मध्येच कोठेतरी उघडावे आणि डावीकडच्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक पाहावा. चार निघाला की चौकार, सहा निघाला की षट्कार आणि शून्य निघाले की गडी बाद. आठ निघाले तर काय धरायचे यावर मात्र वर्गावर्गांत मतभेद असत आणि त्यापायी मधल्या सुटीत कॉलरीही धरल्या जात. अशा रीतीने प्रतापगडाच्या पायथ्याशी आमचे कसोटी सामने चालत आणि त्यांचा धावफलक वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या निगुतीने मांडलेला असे.

पुढे काळाने सूड उगवला. मी स्वतःच मास्तर झालो आणि कोल्हापूरजवळच्या एका खेड्यातल्या पोरांना तोच इतिहास शिकवू लागलो. मी काही पंडित नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तरकीत शिरलो, फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. परंतु वीस-बावीस वर्षे सनावळ्या घोकून घेतल्यामुळे इतिहास म्हणजे काय हे आपल्याला पुरते समजले आहे, असा एक समज माझ्या मनात घर करून होता. त्या समजाला धक्का बसला तो गेल्या दिवाळीच्या साफसफाईत. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तर जुन्या पंचांगांच्या खाली एक दोनशेपानी वही निघाली. मुखपृष्ठावर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘मिलवॉल फुटबॉल क्लब. हंगाम २००१-०२.’ आत एकूण एक सामन्याची तारीख, गोल कोणी केले, कोणाचा पाय मुरगळला, कोणाला बाहेर बसवले, सारे काही क्रमवार. शेवटी चार पानांचा समारोप. एखाद्या कारकुनाने दप्तर ठेवावे तसे ते दप्तर होते.

आणि वाचकहो, गंमत अशी की या वहीतला एकही सामना जगातल्या कोणत्याही मैदानावर खेळला गेलेला नाही!

खुलासा करायला हवा. संगणकावर फुटबॉलचा एक खेळ असतो. त्यात चेंडूला लाथ मारावयाची नसते. आपण क्लबाचे व्यवस्थापक व्हायचे. खेळाडू विकत घ्यायचे, विकायचे, अकरा जणांची निवड करायची, कोणाला पुढे आणि कोणाला मागे ठेवायचे ते ठरवायचे, आणि मग हात जोडून बसायचे. सामना यंत्र खेळते. एकामागून एक सामने होत जातात, गुणांचा तक्ता हलत जातो आणि सरतेशेवटी एक अख्खा हंगाम उभा राहतो. आमच्या पुस्तकातल्या क्रिकेटचेच हे मोठे भावंड म्हणा ना! फरक इतकाच की आमच्या पुस्तकाला फलंदाज कोण आहे हे ठाऊक नसे. तेंडुलकर असो वा दहाव्या क्रमांकाचा गडी असो, पान उघडेल तसे उघडे. यंत्राला मात्र प्रत्येक खेळाडूची कुवत आकड्यांत सांगून ठेवलेली असते. चांगल्या खेळाडूच्या वाट्याला षट्काराची पाने जास्त आणि शून्याची कमी, एवढाच त्या गणिताचा मथितार्थ. शून्याची पाने अजिबात नाहीत, असा खेळाडू मात्र एकही नसतो.

या खेळाचा एक आद्य पुरुष म्हणजे केव्हिन टॉम्स नावाचा इंग्रज. त्याला लहानपणापासून फुटबॉलच्या व्यवस्थापनाचा पटावरचा खेळ तयार करण्याचा नाद होता. पण पटावर हिशेबांचा पसारा फार. खेळणारा माणूस बेरजा-वजाबाक्या करूनच दमायचा. पुढे घरगुती संगणक निघाले आणि बेरजा करणारा बिनपगारी नोकर टॉम्सला मिळाला. १९८२ मध्ये त्याने ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ विकायला काढला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ संगणक बाजारात आला होता. हा संगणक घरच्या टीव्हीला जोडायचा, आणि गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवरून खेळ त्याच्या पोटात उतरवायचा. उतरवताना असा काही चीत्कार निघे की शेजाऱ्यांनी विचारपूस करावी! खेळ बेसिक या साध्या संगणकी भाषेत लिहिलेला होता. मैदानावरची माणसे म्हणजे काड्यांची चित्रे. पण ती काडीची माणसे गोलाकडे धावू लागली की खेळणाऱ्याचा श्वास अडके. वेष्टणावर खुद्द टॉम्सचा दाढीवाला, हसरा चेहरा छापलेला असे. हाच स्पेक्ट्रम पुढे १९८०च्या दशकात परवाना घेऊन भारतातही तयार होऊ लागला होता; परंतु आमच्या पेठेपर्यंत तो काही पोहोचला नाही.

दुसरे नाव घ्यायचे ते पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांचे. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातले हे भाऊ घरच्या खोलीत बसून, इतर खेळांनी समाधान होईना म्हणून, आपलाच एक खेळ लिहीत होते. तो १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने बाहेर आला. पहिल्या आवृत्तीत क्लब खरे होते, पण खेळाडूंची नावे बनावट. लोकांना ते गोड वाटेना. माणसाला खोट्या गोष्टीतही खरी नावे लागतात, हे आम्हा कादंबरीकारांना पुरते ठाऊक आहे! पुढच्या आवृत्तीत खरी नावे आली, आणि त्याबरोबर एक मोठे काम अंगावर आले. खरा खेळाडू घ्यायचा तर त्याचा वेग किती, हेडिंग किती, जिद्द किती, हे कोणी ठरवायचे? मग देशोदेशीचे हौशी लोक नेमले गेले. आपापल्या गावच्या क्लबाचे सामने पाहावेत आणि एक ते वीस या मापात प्रत्येक गुणाला आकडा द्यावा, असे हे काम. जुन्या दरबारांत जसे बातमीदार असत आणि त्यांच्या पत्रांवरून बखरकार बखर लिही, तसाच हा कारभार!

आणि बखरीत जे व्हायचे ते येथेही झालेच. २००१ साली निघालेल्या आवृत्तीत पोर्तुगालच्या एका लहानशा क्लबाच्या यादीत टो मडेरा नावाचा एक खेळाडू होता. त्याला विकत घ्यावे आणि त्याने गोलांचा पाऊस पाडावा. जगभरच्या पोरांनी त्याच्या जिवावर चषक जिंकले. पुढे कळले की असा महान खेळाडू पृथ्वीतलावर नव्हताच. तेथल्याच एका माहितीगाराने ते नाव यादीत घुसडून दिले होते! आपल्याकडे वंशावळीत एखादा पराक्रमी पूर्वज हळूच घालणारे लोक काय कमी झाले?

तर आमच्या वहीतला हंगाम याच २००१ सालच्या आवृत्तीतला. २००२च्या मे महिन्यात मी सुटीला शिवाजी पेठेत मामाकडे गेलो होतो. मामेभाऊ दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होता, आणि मामाने त्याला अगोदरच बक्षीस म्हणून संगणक घेऊन दिला होता. कोल्हापूरच्या पेठांत फुटबॉल कसा मुरलेला आहे, हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. आमच्याकडे क्लब म्हणजे तालीम. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला की पेठेतल्या चहाच्या गाड्यांवर दुसरा विषय नसतो. अशा गावातल्या पोराच्या हाती तो खेळ पडल्यावर वेगळे काय होणार?

इंग्लंडमधले कोणतेही क्लब घेण्याची मुभा होती. मामेभाऊ म्हणाला, “दादा, मँचेस्टर घेऊन कोण पण जिंकंल. एखादी तालीम घेऊया.” म्हणून आम्ही यादी चाळत मिलवॉलवर आलो. लंडनच्या गोदीच्या भागातला हा क्लब. १८८५ मध्ये मुरांबे आणि डबाबंद पदार्थ तयार करणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला. क्लबाचे चिन्ह सिंह. नुकताच तिसऱ्या पायरीवरून वर चढून इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीत आला होता. त्या पायरीला त्या वेळी ‘फर्स्ट डिव्हिजन’ असे उफराटे नाव होते. चोवीस संघ, प्रत्येकाचे शेचाळीस सामने, पहिले दोन सरळ वरच्या ‘प्रीमियर लीग’मध्ये, आणि पुढच्या चौघांत आणखी एका जागेसाठी झुंज.

पडद्यावर चित्र नव्हते. हिरवळ नाही, काड्यांची माणसेदेखील नाहीत. नुसत्या ओळी येत. ‘चेंडू उजवीकडे’, ‘उंच फेकला’, ‘डोक्याने मारला’, आणि मग एक क्षणभर पडदा थबके. त्या क्षणभरात आम्ही दोघे देव आठवत असू.

वही सांगते, आम्ही ऑगस्टात पहिले तीन सामने हरलो. सप्टेंबरात एक जिंकलो, दोन बरोबरीत सोडवले. ऑक्टोबरात आम्ही सोळा वर्षांच्या एका पोराला संघात घेतले. त्याचे नाव चेर्नो सांबा. पहिल्याच सामन्यात तो बदली म्हणून उतरला आणि त्याने गोल केला. वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. डिसेंबरपर्यंत त्याचे नऊ गोल झाले आणि आम्ही नवव्या जागेवर आलो. फेब्रुवारीच्या पानावर एक नोंद आहे, ‘हॅरिस ढिला खेळतो. बाहेर बसवला.’ मार्चमध्ये सलग सहा विजय. एप्रिलमध्ये वुल्व्ह्सकडून मार. आणि शेवटच्या दिवशी, घरच्या मैदानावर बर्नलीविरुद्ध सामना, जिंकलो तर दुसरा क्रमांक आणि सरळ बढती. नाहीतर पुन्हा झुंजीचा फेरा. वहीतली नोंद अशी, ‘मिलवॉल २, बर्नली १. सांबा दोन्ही. बढती मिळाली.’ सांबाचे लीगमधले गोल एकोणीस. मग तो चार पानी समारोप. त्यात मी या यशाची कारणे दिली आहेत – क्रमांक घालून, अगदी परीक्षेच्या उत्तरासारखी. ‘योग्य वेळी तरुण रक्ताला वाव. संघातील शिस्त. व्यवस्थापकाचा धीर.’ व्यवस्थापक म्हणजे अर्थातच मी!

खरा २००१-०२चा हंगाम आम्ही ही वही लिहीत होतो त्याच सुमारास संपला होता, आणि तो आमच्या बखरीसारखा मुळीच झाला नव्हता. मँचेस्टर सिटी केव्हिन कीगन यांच्या हाताखाली ९९ गुण आणि १०८ गोल करून पहिली आली. आमच्या वहीत ती सातवी आहे. वुल्व्ह्स मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमच्या ११ गुणांनी पुढे होते आणि तरीही घसरले; दुसरी जागा वेस्ट ब्रॉमने पटकावली. खरे मिलवॉल चौथे आले. २ मे २००२ रोजी घरच्या मैदानावर बर्मिंगहॅमविरुद्ध निर्णायक सामना होता. अगदी अखेरच्या मिनिटाला बर्मिंगहॅमच्या स्टर्न जॉनने गोल केला आणि मिलवॉलचे वर जाणे राहिले. त्या रात्री मैदानाबाहेर मोठी दंगल उसळली आणि अनेक पोलीस जखमी झाले. आमच्या वहीतल्या हंगामात कोणाचे डोके फुटलेले नाही, कोणी रडलेले नाही.

आणि तो ढिला खेळणारा नील हॅरिस? त्याला २००१च्या उन्हाळ्यात कर्करोगाचे निदान झाले होते. उपचार घेऊन तो त्याच हंगामात मैदानावर परतला. पुढे २००९ मध्ये तो मिलवॉलच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि नंतर त्याच क्लबाचा व्यवस्थापकही झाला. हे सारे मला फार उशिरा वाचनात आले, आणि ‘बाहेर बसवला’ हे माझ्याच अक्षरातले दोन शब्द माझ्याकडे पाहू लागले.

गेल्या दिवाळीत मामेभाऊ पुण्याहून आला होता. आता तो दोन मुलांचा बाप. फराळाच्या ताटापुढे मी ती वही त्याच्या हाती दिली. चकली खात खात तो पाने उलटू लागला, मधूनच हसू लागला. शेवटचे पान वाचून मात्र थांबला.

“दादा, लाइट गेलेली ते कुठं लिहिलंयस?”

“कसली लाइट?”

“आता! बर्नलीच्या मॅचला. एक-शून्यनं मागं होतो आपण. सत्तर मिनिटं झालेली. लाइट गेली, मशीन बंद पडलं. परत चालू केलं तर मॅचच्या आधीपासनं सुरू झालं सगळं. मग जिंकलो आपण. विसरलास?”

विसरलो नव्हतो. तेवीस वर्षे ती गोष्ट मनाच्या माळ्यावर कोठेतरी पडून होती. कोणी खाली काढली नव्हती इतकेच. खरोखरच आम्ही हरत होतो. पावसाळ्याच्या तोंडावरची संध्याकाळ होती, वारा सुटला आणि पेठेतली वीज गेली. यंत्रात जतन केलेला डाव सामन्याच्या आधीचा होता. तासाभराने दिवे आले तेव्हा तोच सामना, तेच अकरा जण, तीच मांडणी. आणि या वेळी आम्ही दोन-एक असे जिंकलो. बढती कोणी मिळवून दिली? तरुण रक्ताने? शिस्तीने? व्यवस्थापकाच्या धीराने? वीज मंडळाच्या तारेवर पडलेल्या एका फांदीने, असे म्हणणे अधिक खरे ठरेल! आणि मी, जो पोरांना ‘इतिहासात पुरावा महत्त्वाचा’ असे फळ्यावर लिहून देतो, त्या मी, ही एकच गोष्ट वहीत लिहिली नव्हती.

तेवढ्यावर भागत नाही. त्या सुटीत आम्ही तोच हंगाम आणखी दोनदा खेळलो होतो. मामेभावाला सारे लख्ख आठवत होते. तीच सीडी, तोच क्लब, तेच खेळाडू, तोच पहिला दिवस. दुसऱ्या वेळी सांबाचा गुडघा ऑक्टोबरात दुखावला आणि आम्ही अकरावे आलो. तिसऱ्या वेळी तर सतरावे असताना फेब्रुवारीतच क्लबाने मला नोकरीवरून काढून टाकले. सांबाला खेळवायची वेळच आली नाही. या दोन हंगामांची वही मी ठेवली नाही. जिंकलेल्या हंगामाचीच तेवढी ठेवली! जगातली बरीच दप्तरे अशीच राहिली असतील काय, असा विचार त्या दिवशी चकली हातात धरून मी करीत बसलो.

मी पोरांना कारणे शिकवतो. अमुक लढाई का जिंकली – पाच कारणे. तमुक राज्य का बुडाले – सहा कारणे. ती कारणे खोटी नसतात. सांबा चांगला होता, मार्चचे सहा विजय खरे होते. त्यांच्यावाचून शेवटच्या दिवशी बढतीचा प्रश्नच आला नसता. पण कारणे माणसाला दारापर्यंत आणून सोडतात. दार उघडेल की नाही, ते पुष्कळदा वारा ठरवतो. दार उघडले की आपण कारणांची यादी लिहायला बसतो आणि वाऱ्याचे नाव गाळतो. मग पुढच्या पिढीला वाटते, हे असेच व्हायचे होते. जिंकणारा जिंकायलाच जन्मला होता आणि हरणारा हरायलाच.

आता त्या सांबाचे काय झाले ते सांगतो. या यंत्रात प्रत्येक खेळाडूच्या नावामागे दोन आकडे लपवून ठेवलेले असत, दोनशेपैकी. एक आज त्याची कुवत किती याचा. दुसरा तो पुढे जास्तीत जास्त कोठवर जाईल याचा. काही पोरांच्या बाबतीत दुसरा आकडा नेमका न देता नुसता पट्टा ठरवलेला असे आणि प्रत्येक नव्या डावात यंत्र त्या पट्ट्यातला एखादा आकडा काढी. सटवाईने कपाळी लिहावे तशातला प्रकार! सांबाच्या कपाळी कोणी फार मोठे लिहून ठेवले होते. जगभरच्या हजारो घरांत तो विश्वविख्यात खेळाडू झाला.

खरा चेर्नो सांबा १९८५ मध्ये गॅम्बियात जन्मला आणि लहानपणीच इंग्लंडात आला. शाळेच्या सामन्यांत त्याने गोलांच्या राशी घातल्या. लिव्हरपूलसारख्या बड्या क्लबाने त्याची विचारणा केली होती. तो सौदा जमला नाही. मिलवॉलच्या मुख्य संघातून लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २००४ मध्ये तो स्पेनमधल्या कादिसला गेला, पुढे इंग्लंडात प्लिमथला, मग फिनलंड, ग्रीस, नॉर्वे. गॅम्बियाच्या राष्ट्रीय संघातूनही तो खेळला. म्हणजे पाहा, चार-पाच देशांत पोटापाण्यापुरता फुटबॉल खेळलेला, स्वतःच्या देशाचा सदरा अंगावर घातलेला माणूस! आमच्या पेठेतल्या पोराने एवढे केले असते तर त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. पण लोकांनी त्याची तुलना केली ती आपापल्या घरच्या यंत्रातल्या त्या दुसऱ्या सांबाशी. न झालेल्या हंगामाची बखर त्याच्या खऱ्या आयुष्याच्या उरावर येऊन बसली.

हे वाचत असता मला एकाएकी एक मुलगा आठवला; किंवा खरे सांगायचे तर, तो त्या आठवड्यात मला भेटलाच होता म्हणून हे सारे मनाला इतके लागले.

आम्ही मास्तर लोकही तोच उद्योग करतो. प्रगतिपुस्तकावर ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. २००९ मध्ये माझ्या चौथीच्या वर्गात एक पोर होते. गणित तोंडी सोडवी, कविता एकदा ऐकून म्हणून दाखवी. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिले, ‘हा मुलगा जिल्ह्यात पहिला येणार.’ ‘येईल’ नव्हे, ‘येणार’! त्याच्या वडिलांनी ते पान चौकटीत बसवून घरातल्या देव्हाऱ्याशेजारी लावले. मुलगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसला. शिष्यवृत्ती मिळाली नाही. पुढे दहावी झाला, बारावीला अडकला. बाजाराच्या दिवशी मला लांबून पाहिले की तो रस्ता बदली. मला वाटे, पोर वाया गेले, म्हणून तोंड चुकवते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी महाद्वार रोडवर आकाशकंदील घ्यायला थांबलो, तर गाळ्यामागे तोच उभा. या वेळी रस्ता बदलायला जागा नव्हती. बांबूच्या कामट्यांचे, पतंगी कागदाचे सुरेख कंदील त्याने स्वतः केलेले होते. आत दिव्याची जोडणीही स्वतःचीच. एरवी विजेची कामे करतो, म्हणाला. घर चालते, बहिणीचे लग्न केले. मी म्हणालो, “अरे, मग एवढी वर्षं भेटला का नाहीस?”

कंदिलाचा दोरा बांधता बांधता, खाली मान घालून तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही लिहिलेलं खरं करून दाखवता आलं नाही. कुठल्या तोंडानं येणार?”

मी पैसे दिले, कंदील घेतला आणि निघून आलो. काय बोलावे ते मला त्या वेळी सुचले नाही. पोरांना निबंध घालणारा मास्तर मी. मला एक वाक्य सापडेना. चार दिवसांनी मामेभावाने ती वही मिटली तेव्हा ते वाक्य सापडले. चूक त्याची नव्हती. एका पोराच्या कपाळी एक आकडा लिहून मी मोकळा झालो होतो आणि सोळा वर्षे तो आकडा त्या पोराने वाहिला. स्वतःच्या हंगामात तो काही वाईट खेळला नव्हता. माझ्या बखरीतल्या हंगामाशी ताडून तेवढा तो हरला होता.

भाऊबिजेच्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मास्तर घरी आलेला पाहून त्याच्या आईची तारांबळ उडाली. देव्हाऱ्याशेजारी ती चौकट अजून होती; काच पुसलेली होती. मी म्हटले, “हे काढून टाका. हे मी चुकीचं लिहिलं होतं.” वडील म्हणाले, “असू द्या गुरुजी, अक्षर चांगलं हाय तुमचं.” सारे हसले. तोही हसला. चौकट काढली गेली नाही. पण निघताना तो मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला आणि वाटेत माझ्या घरचा पंखा आवाज करतो काय, म्हणून विचारू लागला. पुढच्या रविवारी येऊन त्याने तो दुरुस्तही करून दिला.

हा कॉलियर बंधूंचा खेळ अजून आहे. २००४ पासून तो दुसऱ्या कंपनीमार्फत ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने निघू लागला, म्हणजे टॉम्सचेच जुने नाव फिरून आले. त्यातली माहिती इतकी दांडगी झाली की २००८ मध्ये एव्हर्टनसारख्या खऱ्या क्लबाने खेळाडू हेरण्यासाठी ती वापरायचा करार केला. बखर दरबारात पोहोचली म्हणायची! आणि २००१ सालची ती बिनचित्राची आवृत्तीदेखील अजून जिवापाड जपून खेळणारे लोक आहेत. मला त्यांचे हसू येत नाही. आपल्या हातून घडलेला हंगाम, मग तो यंत्रातला का असेना, माणसाला विसरवत नाही. मी तर म्हणेन, पोरांनी तो अवश्य खेळावा. पण एकच हंगाम तीनदा खेळावा, आणि तिन्ही वेळची वही ठेवावी. इतिहासाचा याहून चांगला धडा माझ्या पुस्तकात नाही.

या वर्षीपासून मी शेऱ्याच्या रकान्यात फक्त झालेले लिहितो. ‘गणिताची गोडी आहे.’ ‘वाचन वाढले.’ ‘होणार’ हा शब्द त्या रकान्यातून मी हद्दपार केला आहे. मुख्याध्यापक म्हणाले, शेरे फार कोरडे झाले तुमचे. असोत बापडे.

आणि त्या वहीच्या शेवटच्या पानावर, ‘बढती मिळाली’ या शब्दांखाली, निळ्या शाईने एक ओळ वाढवली आहे. मामेभावाने साक्षीदार म्हणून तिच्याखाली सही केली आहे. ओळ अशी आहे – ‘या सामन्यात आम्ही ७० व्या मिनिटाला ०-१ असे मागे होतो. वीज गेली. सामना पुन्हा खेळवला.’